फॅक्स नंबरचा रकाना

ऑफिसात तोंडावर तिला सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे नाहीबाई. तिला ते ठाऊक होतं. एकदा एका गिऱ्हाइकाने फोनवर चुकून तेच नाव घेतलं, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “बोलतेय. माझं उत्तर तुम्हाला माहीतच दिसतंय, तरी सांगा काय हवंय ते.”

आमची कंपनी एका चष्म्याच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांत होती. डायलिसिस केंद्रांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवत होतो. मूत्रपिंडं थकलेली माणसं आठवड्यातून तीन दिवस अशा केंद्रात येतात, चार-चार तास यंत्राला जोडून घेतात, आणि यंत्र त्यांचं रक्त बाहेर काढून, धुऊन, परत आत सोडतं. कोण कुठल्या वेळेला येणार, कुठल्या खुर्चीत बसणार, येताना वजन किती, जाताना किती, अशा नोंदी आमचं सॉफ्टवेअर ठेवायचं. एकसष्ट केंद्रं ते वापरत होती. माझं काम मदतीची पानं लिहिण्याचं, म्हणजे कुठलं बटण दाबलं की काय होतं ते सांगण्याचं. ते बटण मुळात असावं का, हे ठरवणं तिचं काम.

मागण्या थांबत नसत. चारशेच्या वर मागण्यांची यादी होती आणि प्रोग्रामर तीन. तीन महिन्यांतून एकदा सुधारित सॉफ्टवेअर सगळीकडे जायचं आणि त्यात जेमतेम एक मोठी नवी गोष्ट मावायची. मागणारा प्रत्येक जण घाईत आणि तळमळून मागायचा. ती ऐकून घ्यायची आणि एकच प्रश्न विचारायची, “ते नाही, तर आता काय करता?”

एका व्यवस्थापकाला पेशंटच्या वाढदिवशी पडद्यावर फुगे उडायला हवे होते. ते नाहीत, तर आता काय करता? काही नाही. “मग छान चाललंय की,” ती म्हणाली. एका नर्सला नावांच्या यादीत एकाआड एक ओळ फिकट रंगाची हवी होती. ते नाही, तर आता काय करता? नर्स ओशाळून म्हणाली की पडद्यावर फूटपट्टी धरते, नाहीतर एकाचं वजन दुसऱ्याच्या नावावर जातं. त्या फूटपट्टीमुळे फिकट ओळी पुढच्याच वेळेस आल्या.

शिवाय ती केंद्रांत जाऊन बसायची. अख्खा दिवस, कोपऱ्यात, स्टुलावर. कुणाला काही विचारायची नाही. तिचं लक्ष असायचं मॉनिटरच्या कडांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर. ‘आधी सेव्ह, मग प्रिंट.’ ‘शुक्रवारी हे बटण दाबू नये.’ ती त्या चिठ्ठ्या वहीत उतरवून घ्यायची. सॉफ्टवेअरला जे जमलं नाही ते माणसांनी कागदावर लिहून त्याच्याच कपाळाला डकवलेलं असतं, असं ती म्हणायची. मी तिच्याबरोबर दोन-तीनदा गेलो होतो. बघणं हे इतकं कष्टाचं काम असू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. संध्याकाळी बाहेर पडताना तिचे डोळे दिवसभर दगड फोडल्यासारखे दिसायचे.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या कंपनीने सगळ्यात आधी लॉजसाठी सॉफ्टवेअर बनवलं होतं, आणि त्या पहिल्या लॉजच्या काउंटरवर ती बसायची. ती मालकांना दिवसातून चार वेळा फोन करून चुका सांगे. आठव्या महिन्यात मालक म्हणाले, “बाई, तुम्ही इकडेच या. निदान फोनचा त्रास वाचेल.” मग नऊ वर्षं तिने आमच्याकडे तक्रारींचा फोन उचलला. नंतर कधीतरी मालकांच्या लक्षात आलं, की काय बनवायचं हे तिला विचारल्याशिवाय ठरवलेलं काहीच धड चालत नाही.

नवी गोष्ट घालण्यापेक्षा जुनी काढण्यात तिला जास्त समाधान होतं. त्या वर्षी तिने आठ रकाने काढले होते. नववा होता फॅक्स नंबरचा. तो तिथे आला कसा, तर पेशंटचा फॉर्म लॉजच्या पाहुण्याच्या फॉर्मवरून उचललेला होता. सुरुवातीचे काही दिवस आमचं सॉफ्टवेअर पेशंटला ‘किती रात्री मुक्काम’ असंही विचारायचं.

सोमवारच्या बैठकीत आमच्या मुख्य प्रोग्रामरने आकडे मांडले. त्याला आम्ही शंकासुर म्हणत असू. त्याला शंका न आलेली गोष्ट मी पाहिलेली नाही, त्या दिवशीची सोडून.

“एकसष्टपैकी साठ केंद्रांत तो रकाना रिकामा,” तो म्हणाला. “एका केंद्रात शेहेचाळीस जणांचा भरलेला आहे. पण फोन नंबर म्हणावं तर जुळत नाहीत. कचरा आहे.”

“कचरा कसा काय?” मालकांनी विचारलं.

“काही ठिकाणी रकाना रिकामा ठेवला तर बरं वाटत नाही माणसांना. काहीतरी भरतात.”

ताई म्हणाली, “काढून टाका. शनिवारी सुधारित सॉफ्टवेअर जातंय, त्यात होऊन जाऊ दे.”

काढणं म्हणजे आत साठलेलं सगळं पुसून टाकणं. तशीच आमची पद्धत होती, तिनेच घालून दिलेली. मग मालकांनी त्यांच्या आवडीचा विषय काढला. चौदा केंद्रं चालवणाऱ्या एका बड्या रुग्णालयाला त्यांनी रंगीत आलेख कबूल केला होता, प्रत्येक पेशंटच्या वजनाचा, सहा महिन्यांचा. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. आलेख कुणी बघेल का ते पाहायला बुधवारी एका केंद्रात जाऊन बसते, म्हणाली. केंद्र तेच होतं, कचरावालं. मला तिने बरोबर घेतलं, कारण आलेखाचं मदतपान मला लिहायचं होतं.

आदल्या संध्याकाळी केंद्राचं परवानगीपत्र घ्यायला मी तिच्या घरी गेलो. नवरा बसचा ड्रायव्हर, नुकताच ड्यूटीवरून आलेला. सासूबाई टीव्हीसमोर. त्यांच्या हातातल्या रिमोटवर जखमेला लावायची चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि फक्त तीन बटणं उघडी होती.

“आई, त्या पट्टीखाली आवाज बंद करायचं बटण आहे हो,” ताई म्हणाली.

“असू दे. आवाज बंद करायचा तर लावू कशाला?”

“बघितलंत?” नवरा मला म्हणाला. “या घरात दोघी जणी नाहीच म्हणतात. ‘हो’ ऐकायला मला बस चालवावी लागते. घंटी वाजली की थांबतो, लोक थँक्यू म्हणतात.”

ताई रिमोटकडे कौतुकाने पाहत होती. तिला वाटत होतं, सगळ्यांनी असंच करायला हवं.

बुधवारी आम्ही आठ वाजता केंद्रात पोचलो. लांबट खोली, अकरा खुर्च्या, प्रत्येकीच्या शेजारी माणसाच्या उंचीचं यंत्र. नळ्यांतून रक्त गोल फिरत होतं. इतकं उघड, इतकं दिवसाउजेडी, की पहिली दहा मिनिटं मी जमिनीकडेच पाहत होतो. यंत्रांचा एकसारखा घरघर आवाज आणि त्या आवाजात झोपलेली माणसं. दाराजवळ टेबल, टेबलावर कॉम्प्युटर. ताई स्टुलावर बसली आणि तिने नेहमीप्रमाणे मॉनिटरच्या कडा पाहिल्या.

एकही चिठ्ठी नव्हती.

तासाभराने ती माझ्या कानाशी म्हणाली, “इथे कुणी काहीच विसरत नाही का?” आवाजात कौतुक नव्हतं, अस्वस्थपणा होता.

तिथले टेक्निशियन साठीला टेकलेले होते. सगळे त्यांना काका म्हणत. अंगाने जाड, बोटं तर केळ्यासारखी, पण चालणं मांजराचं. पेशंट आला की काका टेबलाशी जात, कॉम्प्युटरवर काहीतरी पाहत, हात धूत, हातमोजे चढवत आणि सुई टोचत. दोन सुया प्रत्येकाला, एक रक्त बाहेर नेणारी, एक परत आणणारी. अशा माणसांच्या हातातली शीर आणि धमनी शस्त्रक्रियेने जोडलेली असते. तिथे बोट ठेवलं की आत थरथर लागते. सुया त्या जोडावरच्या शिरेत जायला हव्यात. थोडी चुकली तर हात काळानिळा होतो, फार चुकली तर जोडच निकामी. आणि हे आठवड्याला तीनदा, वर्षानुवर्षं.

पाचव्या पेशंटच्या वेळी ताईने माझा दंड धरला. “काका पत्त्याचं पान उघडतायत,” ती म्हणाली. “टोचायच्या आधी पत्ता कशाला बघायचा?”

ती उठली आणि त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. दिवस संपायच्या आत ती स्टुलावरून उठलेली मी पहिल्यांदाच पाहिली. पडद्यावर एका बाईचं नाव, घर, फोन. काकांची नजर सगळ्यांत खालच्या रकान्यावर होती. फॅक्स नंबर : १२२५१६३१.

“काका, हा काय आहे?”

“फॅक्स,” काका म्हणाले. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून हसले. “तुम्ही कंपनीच्या ना? रागावणार नसाल तर सांगतो.”

आणि त्यांनी सांगितलं. पहिला आकडा हात, एक म्हणजे डावा. दुसरा, कोपराच्या घडीपासून किती बोटं खाली. पुढचे दोन, सुई किती तिरकी धरायची. पुढचे दोन, सुईची जाडी.

“आणि शेवटचे दोन?”

“शेवटचे दोन म्हणजे माणूस.”

एकतीस म्हणजे ‘टोचतो’ असं सांगायचं नाही, झाल्यावर ‘झालं’ म्हणायचं. बत्तीस म्हणजे उलट, आधी सांगायचं आणि तीनपर्यंत मोजायचं. चाळीस, नजर दुसरीकडे वळवायची. एक्केचाळीस, नजर वळवू द्यायची नाही, त्याला स्वतःला बघायचंच असतं, न बघितलं तर तो घाबरतो. पन्नास, याच्याशी आज जेवलात का असं कधीच बोलायचं नाही. असे तेवीस प्रकार होते. अकरा वर्षांत साठले होते.

“शेऱ्याचा रकाना आहे की मोठा,” मी म्हणालो. “त्यात का नाही लिहीत?”

“शेरा छापील कागदावर येतो ना. एकाबद्दल लिहिलं, ‘घाबरट आहेत, सांभाळून.’ त्यांच्या सुनेने सगळ्यांदेखत मोठ्याने वाचून दाखवलं. दोन महिने बोलले नाहीत माझ्याशी. आधी वही होती, पण वरून हुकूम आला, कागद बंद. मग शोधलं, छापून येत नाही असं काय आहे. तर हे. फक्त अक्षरं घेत नाही, आकडेच घेतो. मग म्हटलं, आकडे तर आकडे.”

 ताईने माउस हातात घेतला, पुढचं नाव उघडलं, त्याच्या पुढचं, त्याच्या पुढचं. आठ-आठ आकडे. मी तिच्या खांद्यावरून पाहत होतो. ज्याला आम्ही कचरा म्हटलं होतं, त्यात शेहेचाळीस माणसं त्यांच्या भीतीसकट ठेवलेली होती, आणि लॉजच्या पाहुण्यासाठी कुणीतरी विसरलेल्या एका चौकटीत ती मावली होती.  रात्री आभाळाकडे फार वेळ पाहिलं की आपण लहान होत जातो, तसं काहीतरी त्या टेबलाशी झालं.

“काका,” ती म्हणाली, “हा रकाना मी काढून टाकलाय. शनिवारी जाणार. आतलं सगळं पुसून.”

काकांचा हात टेबलावर होता, तो तिथेच राहिला. “तुम्ही?”

“मीच. कुणी वापरत नाही म्हणून.”

“नाही, म्हणजे मला तसं काही नाही,” काका हळू म्हणाले. “माझ्या बोटांना पाठ आहे. पण मी मंगळवारपर्यंतच आहे, ताई. निवृत्त होतोय. बुधवारपासून नवी येणार. चांगली आहे, चार वर्षं दुसरीकडे काम केलंय. पण हे हात तिने पाहिलेले नाहीत. मी तिला म्हटलं होतं, तू काळजी करू नकोस, सगळं फॅक्समध्ये आहे.”

आतून कुणीतरी हाक मारली. “काका, गप्पा झाल्या असतील तर मला पण एक सुई द्या.” काका गेले.

परतताना ती रस्त्यात एकदाच बोलली. “मी विचारलंच नाही,” ती म्हणाली. “चारशे लोकांना विचारते, हे नाही तर काय करता. याच्याबद्दल विचारायला हवं होतं, हे आहे, तर काय करता.”

गुरुवारी सकाळी तिने बैठक बोलावली आणि उभ्यानेच सांगितलं की आपलं चुकलं. शंकासुर लगेच म्हणाला, काढणं थांबवणं दोन मिनिटांचं काम आहे, रकाना राहू दे.

“राहू दे नाही,” ती म्हणाली. “नवीला आकडे कळायचे नाहीत. काका चार दिवसांत तेवीस प्रकार तिच्या डोक्यात कसे भरणार? अक्षरं घेणारा रकाना हवा, तीन-चार ओळींचा. सुई टोचायच्या पानावर, सगळ्यांत वर. कुठल्याच कागदावर छापून न येणारा. शनिवारी.”

“मग आलेख नाही होणार,” शंकासुर म्हणाला. “आणि लिहायला कशाला लावायचं? यादी देऊ. हात, कोन, स्वभाव. निवडायचं फक्त.”

“स्वभावाच्या यादीत काय देशील?”

शंकासुराने वहीत ‘यादी’ लिहिलं होतं, ते खोडलं.

“नाव काय द्यायचं त्याला?” मालकांनी विचारलं.

“काही नाही. नुसती चौकट.”

“बिननावाचा रकाना? तो काय सांगून विकू मी?”

“फॅक्स काय सांगून विकला होता?”

मालकांनी पेनाचं टोपण लावलं. त्यांनी शब्द दिलेला होता आणि चौदा केंद्रं जाऊ शकत होती. शेवटी म्हणाले, “त्या रुग्णालयाला फोन तुम्ही करायचा. मी नाही करणार.”

तिने केला. मी शेजारी होतो. पलीकडचा गृहस्थ चढ्या आवाजात बोलत होता. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “आलेख तीन महिन्यांनी देते. त्याच्याऐवजी जे येतंय ते तुमच्या टोचणाऱ्या माणसांना दाखवा. तुम्ही बघू नका, त्यांना दाखवा.” तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. ती चौदा केंद्रं राहणार की जाणार, हे कुणालाच माहीत नव्हतं.

शनिवारी नवी चौकट सगळ्या केंद्रांत पोचली; फॅक्सचा रकाना तूर्त तसाच ठेवला होता. रविवारी केंद्र बंद असतं. त्या दिवशी काका, नवी टेक्निशियन आणि ताई रिकाम्या खोलीत बसून आकड्यांची अक्षरं करत होती. काका सांगणार, ताई टाइप करणार, नवी ऐकणार. वाटलं होतं दोन तासांत होईल. पण काकांना शब्दांत सांगताच येईना. नाव वाचलं की ते डोळे मिटत, डावा हात पुढे करत, जणू पेशंटचा हात त्यावर ठेवलाय, आणि अंगठा हवेत हळू फिरवत. मग म्हणत, “इथे. इथे जरा ओढ लागते आतून. मांजर गुरगुरतं ना, तशी. तिच्या अलीकडे जायचं.”

“अलीकडे म्हणजे किती, काका?” नवीने विचारलं.

“अलीकडे म्हणजे… लिहा, दोन बोटं.”

ताईने जसं बोलले तसं लिहिलं, मांजरासकट. काही ठिकाणी काका म्हणाले, हे लिहिता येत नाही. तिथे तिने तेच लिहिलं, की इथे काकांना सांगता आलं नाही, हात लावून बघावं. रिकाम्या अकरा खुर्च्यांमधून एकेक माणूस येऊन बसतोय आणि उठून जातोय, असं मला संध्याकाळपर्यंत वाटत राहिलं. शेहेचाळिसावं नाव झालं तेव्हा काकांनी शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं.

“एवढंच होतं होय,” ते म्हणाले. “मला वाटायचं बरंच आहे.”

बुधवारी काका नव्हते. ताई तिच्या स्टुलावर होती, मी भिंतीशी. पहिला पेशंट एक निवृत्त पोस्टमन, उंच आणि तिरसट. नवीने चौकट वाचली. डावा हात. कोपरापासून दोन बोटं. पंचवीसचा कल. आधी सांगावं, तीन मोजावं. तिने हात धुतले, हातमोजे चढवले, आणि त्याच्या कोपराखाली आपली दोन बोटं आडवी ठेवली. बारीक, लांब बोटं. मग दाबून पाहिलं. पुन्हा पाहिलं. थरथर लागत होती, पण तिच्या चेहऱ्यावर काहीतरी जुळत नव्हतं. सुई हातात होती. ताई स्टुलाच्या कडेवर आली होती. तिची वही मांडीवरून घसरून खाली पडली, तिने उचलली नाही.

“काय झालं?” पोस्टमन म्हणाला.

“दोन बोटं लिहिलंय. पण इथे जागा वाटत नाहीये.”

पोस्टमनने तिच्या हाताकडे पाहिलं आणि नाक फेंदारलं. “अहो, काकांची बोटं बघितली होती का तुम्ही? त्यांची दोन म्हणजे तुमची सव्वातीन.”

 नवीने तिसरं बोट ठेवलं, आणि त्याच्या पलीकडे अंगठ्याची कड. डोळे मिटले. अंगठा जरासा फिरला, अगदी काकांचा हवेत फिरला होता तसा, पण आता खाली हात होता.

“टोचतेय. एक, दोन, तीन.”

नळी भरत गेली. पोस्टमन खिडकीकडे पाहत होता. दुसरी सुई गेली तेव्हा त्याने विचारलं, “झाली का पहिली?”

नवीने यंत्र सुरू केलं, हातमोजे काढले आणि टेबलाशी आली. आमच्याकडे तिने पाहिलंही नाही. चौकटीतल्या काकांच्या ओळीखाली तिने एक ओळ लिहिली, ‘माझी सव्वातीन’, आणि दुसऱ्या पेशंटचं नाव उघडून, हाक मारायच्या आधी, स्वतःच्या तळहाताकडे एकदा नीट पाहून घेतलं.